तळ दिसू नये

१ जानेवारी २००२, मंगळवार

वॉशरवाल्या पुरवठादाराने ही डायरी भेट दिली. दरवर्षी देतो. दरवर्षी ती रुपाली उचलते आणि कॉम्प्युटर क्लासच्या नोट्स काढते. यंदा मीच कपाटात लपवून ठेवली होती.

पहिल्या पानावर आपली ओळख लिहावी, असं आमचे गुरुजी सांगत. लिहितो. ज्ञानदेव, वय एकोणपन्नास. गाव मेहकरच्या बाजूला, सध्या मुक्काम धायरी. कुटुंब कौशल्या, मुलगी रुपाली. दुचाकीचे हॉर्न बनवणाऱ्या कारखान्यात एकवीस वर्षं स्टोअरकीपर.

संकल्प तीन. रोज लिहायचं. रोज पंधरा मिनिटं कॉम्प्युटर शिकायचा. आणि राग आवरायचा, विशेषतः नारायण पेठेतल्या माणसांशी बोलताना.

दुसऱ्या संकल्पाला कारण आहे. आज मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, जग बदललंय, यापुढे माल कॉम्प्युटर मागवणार. तीन महिने ट्रायल. ३१ मार्चपर्यंत मालावाचून हॉर्न जोडायची लाइन थांबली नाही, तर स्टोअर इथेच राहील आणि ज्ञानदेव मटेरियल्स ऑफिसर. थांबली, तर सगळा माल लोणी काळभोरच्या गोडाऊनला, कंत्राटदाराच्या ताब्यात.

बाहेर आल्यावर भीमराव बोटांवर बस मोजत होता. भीमराव माझा मदतनीस, इथलाच, धायरी गावातला. दोन म्हशी आहेत. पहाटे आणि संध्याकाळी धार काढून नोकरी करतो. लोणीला जायचं म्हणजे शहर ओलांडून दोन बस, येताना दोन. म्हशी तेवढं थांबत नाहीत.

मी म्हटलं, भीमराव, काळजी करू नको. मी आहे ना.

२ जानेवारी, बुधवार

आमोद आले. हेच नारायण पेठेतले. वय सत्तावीस, इंजिनिअर, कॉम्प्युटरचं सगळं त्यांच्याकडे. मला काका म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

पद्धत अशी: प्रत्येक वस्तूचे दोन निळे डबे, एकामागे एक. पुढच्यातला माल लाइनला द्यायचा. तो रिकामा झाला की मागचा पुढे ओढायचा. डब्याच्या आत, तळाला, काळ्या रेघांची पट्टी चिकटवली आहे. रिकाम्या डब्याच्या तळावर पट्टी वाचणारी बंदूक धरायची. टुं वाजतं. वाजलं की स्क्रीनवर ती वस्तू लाल होते आणि ऑर्डर आपोआप पुरवठादाराकडे जाते. फोनवर माल मागवणं बंद. पुरवठादारांनाही तसं कळवलंय.

मी विचारलं, पट्टी बाहेरून का नाही लावली? म्हणाले, बाहेरून लावली की लोक डबा अर्धा असतानाच टुंटुं करत बसतात. आत लावली की रिकामा झाल्याशिवाय वाजवताच येत नाही. माणसाला डोकं चालवायला जागाच ठेवलेली नाही, काका.

चांगला मुलगा आहे.

बंदुकीला हळद-कुंकू वाहिलं. आमोद म्हणाले, वाहा, पण भिंगावर नको. आणि तिच्या पत्रिकेत मंगळ आहे का तेही बघून घ्या. संकल्प आठवून राग आवरला.

४ जानेवारी, शुक्रवार

काम सुरू. एक छोटीशी गोष्ट आमोदना सांगायची राहिली. विशेष नाही.

आमच्या घरी कणगीचा तळ कधी कोणी पाहिला नाही. ज्वारी खाली गेली की आई हात आखडायची. शेवटची मूठ काढायची नाही. त्या मुठीवर नवी ज्वारी पडली पाहिजे, म्हणजे घर चालू राहतं. वाईट वर्षातही ती मूठ राहिली. आम्ही कण्या उसन्या आणून खाल्ल्या, पण मूठ काढली नाही. आणि घर चाललं, हे कोणाला नाकारता येणार नाही.

एकवीस वर्षं स्टोअर याच पद्धतीने चालवलं. प्रत्येक डब्यात मूठभर ठेवायचं. नवा माल आला की त्यावर ओतायचा. नव्या डब्यांतही पहिली मूठ जुन्या डब्यांच्या तळातलीच टाकली. देवाच्या कृपेने एकही दिवस लाइन थांबली नाही.

भीमरावला म्हटलं, निळ्या डब्यांनाही तीच पद्धत. तो म्हणाला, भाऊ, पण मंग पट्टी दिसंल का? म्हटलं, दिसायची तेव्हा दिसेल. मग म्हणाला, मूठ कोणाची धरायची, तुमची का माझी? माझी मोठी हाय. विचार करून सांगितलं, माझी.

माळ्यावर जुन्या मालाची पोती भरपूर आहेत. डबा मुठीवर आला की माळ्यावरून भर टाकायची.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

आमोदना तीळगूळ दिला. म्हणाले, गोड बोलायचं नारायण पेठेत ऐच्छिक असतं, पण घेतो. एकच वडी घेतली.

स्क्रीनवर सगळ्या वस्तू हिरव्या. एकही लाल नाही. मोठे साहेब स्वतः येऊन बघून गेले. म्हणाले, वा, ज्ञानदेव. बारा दिवसांत माणूस तयार झाला.

कॉम्प्युटरला इतके लोक घाबरतात कशाला ते कळत नाही.

२५ जानेवारी, शुक्रवार

अजून सगळं हिरवं. भीमराव दिवसातून दोनदा स्क्रीनसमोर उभा राहतो. म्हणतो, हिरवंगार हाय, म्हशी सोडाव्या वाटतंय.

स्प्रिंगवाल्या तात्यारावांचा फोन. लोणी काळभोरला त्यांचं वर्कशॉप आहे, सतरा वर्षांची ओळख. म्हणाले, काय ज्ञानदेवराव, कंपनी बंद केली का हॉर्न वाजवणं बंद केलं? तीन आठवड्यांत ऑर्डर नाही. मी सांगितलं, आता कॉम्प्युटर मागवतो, त्याला वाटलं की मागवेल. ते म्हणाले, त्याला लवकर वाटू दे.

जुन्या माणसांना बदल जड जातो. बोलायला माणूस लागतो त्यांना. माझी आठवण येत असणार.

४ फेब्रुवारी, सोमवार

कॉम्प्युटर शिकण्याचा संकल्प थोडा मागे पडलाय. कारणं: पहिला आठवडा खुर्ची नव्हती. दुसऱ्यात खुर्ची आली, पण ती फिरते. तिसऱ्यात सर्दी. आता रुपाली घरी शिकवीन म्हणाली, पण घरी कॉम्प्युटर नाही. पाटावर बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. कौशल्या म्हणाली, त्यापेक्षा लसूण सोलून द्या, बोटांना तीच सवय.

जेवणाचा डबा परत आणल्यावर ती रोज चिडते. मी शेवटचा घास ठेवतो. पोळीचा तुकडा, चमचाभर भाजी. म्हणते, एवढीशी भाजी कोणासाठी आणता परत, माझ्यासाठी का कावळ्यासाठी? तिच्या माहेरी ही रीत नाही. ती दर उन्हाळ्यात तांदळाचा डबा पालथा करून, घासून, उन्हात ठेवते. म्हणते, तळ दिसला नाही तर सोंडे कुठे झालेत ते कळणार कसं? मी त्या वेळी घराबाहेर जातो.

११ फेब्रुवारी, सोमवार

माळ्यावर गेलो होतो. माळ्याच्या फळ्या दिसायला लागल्यात.

एकूण एकेचाळीस दिवसांत कॉम्प्युटरने स्वतःहून एकही ऑर्डर काढलेली नाही. मला याची शंका होतीच. यंत्राला भूक कशी कळणार? मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. म्हणालो नसेन, पण मनात आलं होतं.

आमोदना सांगावं का? ते आठवडाभर चेन्नईला आहेत. स्क्रीन हिरवी आहे तोवर त्यांना त्रास देणं बरं दिसत नाही. पुरवठादारांना फोन करायची बंदी आहे, आणि बंदी मोडणारा माणूस मी नाही.

भीमराव म्हणाला, भाऊ, येकदा येक डबा झटकून बघू का, वाजतंय का ते? म्हटलं, वेडा आहेस का. भरलेलं घर आहे.

१८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सव्वाअकराला लाइन थांबली.

आमच्या स्टोअरच्या भिंतीला लागून टेस्टिंगचं टेबल आहे. दिवसभर हॉर्न वाजतात. एकवीस वर्षांत मला त्यांचा आवाज ऐकू येणं बंद झालं होतं. आज ते वाजायचे थांबले आणि मी दचकून उभा राहिलो.

स्प्रिंग नाही. माळ्यावर नाही. दोन्ही डबे मुठीवर.

सुपरवायझर आला. डब्यात हात घालून म्हणाला, अहो, हा काय आहे माल. मी सांगितलं, तो माल नाही, तो तळ आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, मग भीमरावकडे. भीमराव छताकडे बघत होता. सुपरवायझरने दोन्ही मुठी नेल्या. दोनशे हॉर्न झाले. मी लगेच दुसऱ्या डब्यांतून चारचार वॉशर आणून स्प्रिंगच्या डब्यांत टाकून ठेवले. डबा डबा असतो, आत काय आहे ते देव बघत नाही.

दीड तासाने लाइन पुन्हा थांबली. चाळीस माणसं बाहेर उन्हात बसून राहिली.

आमोदना चेन्नईला फोन गेला. त्यांनी विचारलं, स्क्रीनवर काय आहे? हिरवं. मग लाइन कशी थांबेल, म्हणाले. मी पण तेच म्हणतोय, म्हटलं. या एका मुद्द्यावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार. सुट्टी

स्वखर्चाने लोणी काळभोरला गेलो. कौशल्याला सांगितलं, देवदर्शन. वाटेत एका देवळाला बसमधून हात जोडले, म्हणजे खोटं झालं नाही.

तात्याराव वर्कशॉपच्या दारात बसले होते. चहा मागवला. म्हणाले, ज्ञानदेवराव, सात आठवडे वाट बघितली. तुमचं मशीन दुसऱ्या कंपनीला लावलं. माणसं बसवून ठेवता येत नाहीत मला. मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडलाय. ते म्हणाले, दुसऱ्या कंपनीचा पण कॉम्प्युटरच आहे. तो सोमवारी आणि शुक्रवारी न चुकता मागतो. तुमचाच मुका निघाला का?

ओळखीखातर गोदामातली राहिलेली एक गोणी दिली. तांदळाच्या पोत्यात भरली. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, काय आहे? तांदूळ म्हटलं. स्वारगेटला उतरताना पोतं पायरीवर आपटलं आणि तांदूळ खणखण वाजले. कंडक्टर म्हणाला, नीट निवडून शिजवा.

परतीच्या वाटेवर हायवेला एक मोठं गोडाऊन बांधायला काढलेलं दिसलं. पत्रे चढत होते. दारावर कंत्राटदाराची पाटी, खाली आमच्याच कंपनीच्या नावाचा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला. एका नावाच्या बऱ्याच कंपन्या असतात.

२ मार्च, शनिवार

गोणी संपली. म्हणजे मुठीवर आली. आता रिव्हेटचंही तसंच होतंय. आमोद परत आलेत. तीन दिवस कॉम्प्युटर उघडून बसले होते. तारा तपासल्या, मोडेम बदलला. माझ्याशी फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, काका, एवढं निर्दोष सॉफ्टवेअर मी आयुष्यात बघितलं नाही, म्हणून भीती वाटतेय.

जेवताना रुपालीला सगळं सांगितलं. पट्टी, बंदूक, हिरवी स्क्रीन. मुठीचंही सांगितलं. ती आधी हसली. मग घास हातात धरून थांबली. म्हणाली, बाबा, पट्टी मुठीखाली झाकली जाते ना? मग ऑर्डर जाणार कशी?

अजून शिकतेच आहे ती. अर्धवट ज्ञान. तरी प्रश्न विचारते, म्हणजे क्लास चांगला असावा.

तिने पुन्हा विचारलं. कौशल्या म्हणाली, अगं, जेवू दे त्यांना. दोघी ताटात बघून जेवायला लागल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

४ मार्च, सोमवार

काल देवासमोर बसलो तर जपाची संख्या चुकत होती. तीनदा पहिल्यापासून सुरू केलं.

आज एक प्रयोग करायचं ठरवलं. रुपाली म्हणाली म्हणून नाही. भीमरावला दुकानात पाठवलं, दार लावून घेतलं. वॉशरचा डबा घेतला. तळहातावर मूठ काढली. डब्याचा तळ दिसला. निळा, त्यावर पांढरा कागद, काळ्या रेघा. दोन महिन्यांपूर्वी चिकटवलेली पट्टी, एकदाही कोणी न वाचलेली. नवीकोरी.

बंदूक धरली. आईचा हात आठवला, कणगीत कोपरापर्यंत गेलेला, काही न घेता वर आलेला.

म्हटलं, एक तरी राहू दे. एक वॉशर परत टाकला. तो फिरत फिरत जाऊन नेमका पट्टीवर बसला. बंदूक दाबली. वाजली नाही.

देवाचीच इच्छा नसेल तर माणूस काय करणार. बाकीचे वॉशर पण परत टाकले.

१२ मार्च, मंगळवार. महाशिवरात्र

उपास. दुपारी दोनला लाइन थांबली. चौथी वेळ. दुचाकीवाल्यांचा माणूस दारात येऊन बसलाय. त्यांच्या गाड्या हॉर्नविना उभ्या आहेत म्हणे. एवढ्या सगळ्या गाड्या, एकही वाजत नाही.

भीमरावने विचारलं, भाऊ, पुढं काय? मी म्हटलं, मी आहे ना. तो म्हणाला, हां, ते हायच.

संकल्प: उद्या सकाळी आमोदना मुठीचं सांगायचं.

१३ मार्च, बुधवार

आमोद मीटिंगमध्ये होते.

१४ मार्च, गुरुवार

सुट्टी.

१५ मार्च, शुक्रवार

सांगायला गेलो होतो. ते म्हणाले, काका, आत्ता नको, पाच मिनिटं. पाच मिनिटं थांबलो. मग स्टोअर उघडं पडलं होतं म्हणून आलो.

२० मार्च, बुधवार

सांगायची गरज उरली नाही.

सकाळी आमोद आले, बरोबर मोठे साहेब. आमोदनी फरशीवर चादर अंथरली आणि पहिला डबा उचलून पालथा केला. मूठभर स्क्रू पडले. दुसरा पालथा केला. मूठभर. तिसरा. भीमराव भिंतीला टेकून उभा होता. तीनशे बारा वस्तू, सहाशे चोवीस डबे. चादरीवर सहाशे चोवीस मुठी, सगळ्या सारख्या. माझीच मूठ. मापात फरक नव्हता, हे मोठ्या साहेबांच्याही लक्षात आलं असावं.

तळातला माल गंजलेला निघाला. एका मुठीत जुनी चिठ्ठी सापडली, १९८३ ची. मीच लिहिलेली, अक्षर त्या वेळी बरं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एकवीस वर्षं नवा माल आला आणि गेला, आणि हे खालचे कधी हललेच नाहीत.

आमोदनी एका रिकाम्या डब्यावर बंदूक धरली. टुं. स्क्रीनवर पहिला लाल ठिपका. मग दुसरा. ते एकेक वाजवत गेले. आवाज भिंतीपलीकडे गेला असणार. टेस्टिंगच्या टेबलावरचा माणूस डोकावून बघून गेला, कोणता नवा हॉर्न आलाय म्हणून.

मी वाट बघत होतो की आमोद काही तरी बोलतील. नारायण पेठेतला माणूस, एवढी संधी. बोलले नाहीत. चादरीची चारही टोकं गोळा केली आणि म्हणाले, काका, जरा धरता का. जड होती.

मोठ्या साहेबांनी एवढंच विचारलं, ज्ञानदेव, मला एकदा सांगितलं असतं तर? मी म्हणालो, साहेब, आपण कधी विचारलं नाहीत. हे उत्तर तेव्हा मला चांगलं वाटलं होतं.

३० मार्च, शनिवार

भीमरावचा शेवटचा दिवस. त्याला लोणी झेपणार नाही, त्याने आधीच सांगितलं. त्याने चहा पाजला, मी पाजायला हवा होता.

मी म्हटलं, भीमराव, मी मोठ्या साहेबांशी बोलतो. मी आहे ना. तो म्हणाला, भाऊ, तुम्ही व्हते म्हणून तर. एकट्याच्यानं येवढं झालं नसतं. रागाने म्हणाला नाही. चार वाजता निघाला, धारेची वेळ झाली होती. फाटकापाशी थांबून त्याने खिसे झटकले. एक स्प्रिंग निघाली, ती परत आणून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, तुमची मूठ.

१५ एप्रिल, सोमवार. लोणी काळभोर

पाडव्याला गोडाऊन सुरू झालं. मला ठेवून घेतलंय. ऑफिसर नाही. हुद्द्याला नाव अजून दिलेलं नाही.

काम असं: कारखान्यातून रिकामे डबे ट्रकने येतात. ते माझ्यासमोर लागतात. मी प्रत्येकाच्या तळावर बंदूक धरायची. टुं. बाजूला ठेवायचा. पुढचा. दिवसाला चारशे. आमोद म्हणाले, काका, तुमच्याइतकी खात्री करून कोणी बघणार नाही. टोमणा होता का ते कळलं नाही. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले.

तात्यारावांची स्प्रिंग परत सुरू झाली. मंगळवारी आणि शनिवारी येते. त्यांचा फोन येत नाही, गरज पडत नाही. वर्कशॉप इथून चालत दहा मिनिटांवर आहे. जाईन एकदा. लाइन तीन आठवडे थांबलेली नाही, असं ऐकलं. इथून हॉर्न ऐकू येत नाहीत.

दोन बसला वेळ फार जातो, त्यामुळे दुपारी भूक जास्त लागते. आज डबा उघडला, वांग्याची भाजी होती. खाता खाता लक्षात राहिलं नाही. शेवटचा घासही गेला.

डबा तसाच हातात धरून बसलो. स्वच्छ तळ. काही झालं नाही. वाजलंही नाही.